गाडीतली बंदूक : बैलगाडीपासून जीपपर्यंत

नाशिकमध्ये बंदुकीच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर एकच तारीख येते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन. त्यावर पुष्कळ बोललं गेलंय, पुढेही बोललं जाईल. आज आम्ही वेगळ्याच बंदुकीबद्दल बोलणार आहोत. ही शिकारीची बंदूक, आणि तीही गाडीत ठेवलेली.

प्रश्न अगदी साधा आहे. माणूस जमिनीवर उभा असेल, बसला असेल, तर बंदुकीला टेक मिळतो. झाडाचा बुंधा असतो, दगड असतो, स्वतःचा गुडघा असतो. पण माणूस गाडीत, हौद्यात, मोटारीत असेल तर बंदूक कशावर टेकवायची? आणि बार काढायचा नसेल तेव्हा ती ठेवायची कुठे? भरलेली ठेवायची की रिकामी? हे दोन प्रश्न आपल्याकडे शेकडो वर्षं विचारले गेलेत, आणि दर वेळी मिळालेल्या उत्तरावर कुणाचं तरी मरण ठरलं आहे. येवला-नांदगावच्या माळावरच्या काळविटांचं तर नक्कीच.

सुरुवात जुन्या शब्दांपासून करू, कारण शब्दांतच बरंचसं सांगून ठेवलेलं असतं. नरनाळ, गजनाळ, शुतरनाळ हे शब्द आपण बखरी, कागदपत्रं वाचताना भराभर ओलांडून जातो. नाळ म्हणजे नळी, तोफेची किंवा बंदुकीची. पुढचा भाग सांगतो ती कुणाच्या पाठीवर आहे. नर म्हणजे माणूस, गज म्हणजे हत्ती, आणि शुतर हा फारसी शब्द, उंट. म्हणजे हत्याराचं नाव त्याच्या वाहनावरून पडलेलं आहे. उंटावरच्या हलक्या तोफेला जंबुरा किंवा जंबुरक असंही म्हणत. पानिपतावर १७६१ मध्ये अब्दालीच्या जंबुरक्यांनी काय केलं ते इथे सांगायची गरज नाही. पण त्यातली एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. ही नळी खोगिरावर फिरत्या खुंटीवर बसवलेली असे आणि नेम धरायचा तर साधारणपणे उंटाला आधी खाली बसवत. वाहन वेगासाठी आणि टेक जमिनीचा, हा व्यवहार त्या लोकांना पक्का ठाऊक होता.

शिकारीत हाच प्रश्न हत्तीवर आला. हौद्यातून वाघाची शिकार, ही चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चित्रात ती फार ऐटबाज दिसते. प्रत्यक्षात हत्ती उभा असला तरी स्थिर नसतो. तो श्वास घेतो, पाय बदलतो, कान हलवतो, आणि वर बसलेला माणूस डोलतच राहतो. म्हणून हौद्याच्या दोन्ही अंगांना बंदुका उभ्या-आडव्या ठेवायला खाचा केलेल्या असत, त्यांना कापडाचं किंवा चामड्याचं अस्तर असे. मागे खवासखान्यात बसलेला माणूस दुसरी भरलेली बंदूक पुढे देई. नेम चुकणार हे गृहीत धरूनच ही व्यवस्था केलेली होती! एका बंदुकीचं काम तीन बंदुका करत. राजेरजवाड्यांना ते परवडत होतं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नाशिक जिल्हा हा शिकारीच्या दृष्टीने दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा. डोंगर, दाट झाडी, पाऊस. तिथे शिकार म्हणजे हाका आणि मचाण. गाडीचा तिथे उपयोगच नाही, कारण गाडी जाणार कुठून? पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव. कमी पाऊस, उघडा माळ, कुसळी गवत, मधूनच बाभूळ. हा काळविटाचा मुलूख. काळवीट झाडीत लपत नाही, ते डोळ्यांवर आणि पायांवर जगतं. माणूस पायी चालत येताना त्याला लांबूनच दिसतो आणि ते निघून जातं. ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने पळणारं जनावर आहे ते.

मग त्याच्याजवळ जायचं कसं? यावर सगळ्यात जुनं उत्तर पारध्यांनी शोधलं. पारधी समाजात गायपारधी नावाची शाखा आहे. शिकवलेली गाय किंवा बैल पुढे चरत चरत न्यायचा आणि आपण त्याच्या आडोशाने सरकायचं. काळविटाला गुराचं भय नसतं. तो बैल म्हणजे आपल्या विषयातलं पहिलं वाहन म्हणायला हरकत नाही, फक्त त्यावर कुणी बसत नव्हतं. बंदूकही नव्हती, फास होते. फासात आलेलं जनावर हातात येई, जखमी होऊन रानात मरायला जात नसे. पुढे इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली या समाजावर शिक्का बसला. तो शिक्का कायद्याच्या पुस्तकातून निघायला १९५२ उजाडावं लागलं, लोकांच्या मनातून अजून निघायचाय. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जीपवाल्यांची गोष्ट येणार आहे आणि त्यांच्यावर कुणी असा शिक्का मारला नाही.

पारध्याचं हेच तत्त्व उचलून बैलगाडीची शिकार आली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शिकाऱ्यांनी तिची वर्णनं भरपूर लिहिली आहेत, पण युक्ती इथलीच. काळवीट रोज गाड्या बघतं. कडबा नेणारी, बाजाराला जाणारी गाडी त्याच्या लेखी माळाचाच भाग असते. शिकारी गाडीच्या पलीकडच्या अंगाने, चाकाच्या आड चालायचा. गाडी थेट कळपाकडे कधीच न्यायची नाही. आपल्या वाटेने निघाल्यासारखी बाजूने न्यायची, मग थोडी वळवायची, पुन्हा लांब, असं गोल गोल फिरत अंतर कमी करायचं. आणि मुख्य म्हणजे गाडी थांबवायची नाही. चालती गाडी ओळखीची, थांबलेली गाडी संशयाची. शे-सव्वाशे पावलांवर आलं की शिकारी एखाद्या झुडपाआड खाली बसून राहायचा आणि गाडी तशीच पुढे जायची. कळपाच्या नजरा गाडीबरोबर जात. तेवढ्यात जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून नेम धरायचा.

बघा, इथे गाडीने फक्त लपवलं. टेक जमिनीनेच दिला. गाडीतून बार काढायचा प्रश्नच नव्हता, कारण गाडी थांबवता येत नाही आणि चालत्या गाडीतून नेम धरता येत नाही. बैल बुजतील ते वेगळंच. म्हणून बंदूक गाडीत जायची ती रिकामी, धूळ लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळलेली, कडब्यावर किंवा गोणपाटावर आडवी. उतरल्यावर भरायची. खाचखळग्यांतून जाणाऱ्या लोखंडी धावेच्या गाडीत भरलेली बंदूक ठेवणं म्हणजे काय, हे गाडीवानालाही समजत होतं, त्याची पाठ पुढेच असायची ना!

याच बैलगाडीवरून आणखी एक शिकारी जायचा, चित्ता. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीवर बसवून न्यायचे, कळपाजवळ आलं की टोपी काढून सोडायचे. मोगल दरबारापासूनची ही रीत महाराष्ट्रात कोल्हापूरला शाहू महाराजांनी आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराजांनी जोपासली. तिथे घोड्यांचा ब्रेक नावाची उंच गाडी वापरात आली. चित्ते सांभाळणाऱ्या चित्तेवानांची घराणी कोल्हापुरात होती. पहिल्या महायुद्धानंतर चित्ते आफ्रिकेतून आणावे लागत होते, कारण इथले संपत आले होते. त्या काळच्या शिकारीच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो तेव्हा हा तपशील गळतो.

मग मोटार आली, आणि सगळंच बदललं. संस्थानिकांनी खास शिकारीसाठी मोटारी बांधून घेतल्या. कोट्याचे महाराव उमेदसिंह यांच्यासाठी १९२५ साली बार्कर कंपनीने बांधलेली रोल्स रॉइस त्यांतली प्रसिद्ध. तिला मोठे सर्चलाइट होते आणि बंदुका बसवायची सोय होती. म्हणजे हौद्यातल्या खाचा मोटारीत आल्या. खवासखान्याची जागा मागच्या सीटने घेतली. पण टेकाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

इथे थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत रायफल साधारण एक मीटर लांब धरा. नळीचं टोक एक मिलिमीटर हललं, फक्त एक मिलिमीटर, तर शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. काळविटाच्या छातीत गोळी लागून ते जागीच पडावं अशी जागा ओंजळीपेक्षा फार मोठी नसते. दहा सेंटिमीटर चुकलं की गोळी पोटात किंवा पायात. सुरू इंजिनाची थरथर एक मिलिमीटरपेक्षा किती जास्त असते, हे कुठल्याही जुन्या गाडीच्या दारावर हात ठेवून बघा. इंजिन बंद केलं तरी गाडी स्प्रिंगवर बसलेली असते. मागच्या सीटवरचा पाहुणा नुसता वाकून बघायला लागला तरी पुढचा टेक हलतो. जाणते शिकारी सांगत की गाडीत टेक घ्यायचाच तर इंजिन बंद, सगळे निश्चल, खाली घडी केलेलं घोंगडं किंवा वाळूची पिशवी, आणि त्यावर नळी टेकवायची नाही, लाकडी भाग टेकवायचा. उघडी नळी कठीण पत्र्यावर टेकवली तर बार होताना ती उसळते. पण त्याहून जाणते होते ते म्हणत, खाली उतरा.

खाली उतरायला वेळ लागतो, कष्ट पडतात, जनावर निघून जाण्याची शक्यता असते. शिकारीची सगळी मर्यादा त्या उतरण्यात होती, असं आमचं मत आहे. मोटारीने ते उतरणं अनावश्यक केलं, आणि दिव्याने तर काळविटाचं पळणंही थांबवलं. रात्री तोंडावर झोत आला की डोळे चमकतात आणि जनावर उभं राहतं. दिपून जातं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं नाही, पण ते उजेडात आलं ते मुंबईतून. १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमध्ये, महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री गाडीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर, बहुधा एकाच वेतातले. दिव्याच्या उजेडात बसलेले. दोनच गोळ्यांत तिघे. दुसरी गोळी एकातून आरपार जाऊन मागच्याला लागली. भारतातल्या रानटी चित्त्यांची ही शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. तिचा वृत्तांत आणि फोटो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आला, तिच्या नियतकालिकात छापण्यासाठी. ही १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था, आणि तिच्या जन्मात शिकाऱ्यांचाही वाटा होता हे विसरू नका. तिच्या संपादकांना ते वाचून इतकी किळस आली की मजकूर केराच्या टोपलीत टाकावा असंच त्यांना आधी वाटलं, आणि तसं त्यांनी टीपेत स्पष्ट लिहिलं. छापला तो कौतुक म्हणून नव्हे, दोषारोप म्हणून. त्यांचा राग नुसता चित्ते मारल्याचा नव्हता. गाडीतून, रात्री, दिव्यावर मारल्याचा होता. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

राजांच्या मोटारी मोजक्या होत्या. खरं नुकसान पुढे झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. (नाशिककरांना हे नाव परकं नाही, सातपूरच्या कारखान्यातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ बाहेर पडताना आपण रोज बघतो.) विलिस जीप रस्त्याची नव्हे, माळाचीच गाडी. तिला वरचं छप्पर काढता येतं, दारं नसतातच, आणि पुढची काच आडवी करून बॉनेटवर निजवता येते. युद्धासाठी केलेली ही सोय शिकाऱ्याच्या अगदी पथ्यावर पडली. काच निजवली, त्यावर गोणपाट टाकलं, झाला टेक.

त्याच काळात अन्नधान्य वाढवण्याची मोहीम जोरात होती आणि पीकसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने दिले जात होते. शेतकऱ्याचं नुकसान खोटं नव्हतं, हे आधी मान्य करू. हरभऱ्याच्या शेतात काळविटांचा कळप रात्रभर राहिला तर सकाळी काय उरतं ते येवल्याच्या शेतकऱ्याला विचारा, आजही विचारा. पण शेताच्या बांधावर बसून पीक राखायला दिलेली बंदूक जीपमध्ये चढली आणि माळावर फिरायला लागली. तालुक्याच्या गावातले चार मित्र, एक जीप, एक हातातला झोत, एक परवाना. वऱ्हाडापासून सोलापूरपर्यंत उघड्या माळांवर हीच गोष्ट घडत होती. १९४७ ते १९७२, या पंचवीस वर्षांत देशभर काळविटांचे कळप आटले. शतकानुशतकांच्या फाशांनी आणि चित्त्यांनी जे केलं नव्हतं ते यांनी केलं.

आणि मारलेल्यांपेक्षा जखमींचा हिशेब मोठा असणार. रात्री, हलत्या टेकावरून, छर्ऱ्याच्या बंदुकीने कळपात बार काढला की दोन पडतात आणि चार लंगडत अंधारात जातात. दिवसा रक्ताचा माग काढता येतो, रात्री कोण काढणार? पहाटे घरी पोचायचं असतं.

बंदूक ठेवायची कुठे, या दुसऱ्या प्रश्नाचं जीपवाल्यांचं उत्तर तर आणखी वाईट होतं. जनावर कधीही झोतात येईल, म्हणून बंदूक भरलेलीच. दस्ता पायाशी, नळी वर किंवा शेजाऱ्याकडे, दोन सीटांच्या मधे उभी. गाडी नांगरटीतून उड्या मारतेय. जुन्या दुनळीला घोडे बाहेर असत, ते कपड्यात, दोरीत, सीटच्या कडेत अडकत. शिकारीच्या अपघातांच्या गोष्टी जुन्या माणसांकडून ऐका, त्यातल्या किती वाघाच्या असतात आणि किती आपल्याच माणसाच्या बंदुकीच्या असतात ते मोजा. आम्ही ऐकत आलोय, त्यात दुसऱ्या प्रकारच्या जास्त निघतात.

कायदा काय करत होता? मुंबई राज्याने १९५१ मध्येच वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा कायदा केला होता. शिकारीचे परवाने, बंदीचे हंगाम, अभयारण्यं, सगळं त्यात होतं. पण माळावर रात्री दोन वाजता तो कायदा सांगायला कोण उभं राहणार होतं? मग १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचं मूळ सतरावं कलम इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावं. तेव्हा शिकार पूर्ण बंद नव्हती, परवाना मिळत होता, म्हणून शिकार कशी करायची नाही याची ती यादी आहे. पहिलीच बंदी : चाकांच्या किंवा यंत्राने चालणाऱ्या वाहनातून, जमिनीवर वा पाण्यावर, शिकार करायची नाही, विमानातूनही नाही. पुढे, गाडीने जनावरं पिटाळायची नाहीत. मोठ्या जनावरावर, खास परवानगी नसेल तर, रायफलीशिवाय दुसरी बंदूक चालवायची नाही. कृत्रिम दिवा वापरायचा नाही. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही. पाणवठ्यावर दबा धरायचा नाही. प्रत्येक वाक्यामागे त्या पंचवीस वर्षांतली एकेक रात्र उभी आहे. कलम लिहिणाऱ्यांना जीपमध्ये काय चालतं ते नीट ठाऊक होतं.

हे कलम आज कायद्याच्या पुस्तकात नाही. १९९१ च्या दुरुस्तीत ते गाळलं, कारण परवान्याची शिकारच बंद झाली, मग कशी करू नये हे सांगायचं कारण उरलं नाही. काळवीट आता पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं कैद आहे. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी सरकारची होते. कायद्याने गाडीला बंदुकीच्याच ओळीत बसवलं आहे, हत्यार, सापळा, वाहन.

बंदूक ठेवण्याबद्दलही कायदा बोलतो. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही, मग ते डिकीत रिकामं का असेना. अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं असतं, आणि तिथे नवा परवाना वन्यजीव विभागाच्या संमतीशिवाय मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे निफाड-सिन्नरच्या कितीतरी गावांना हा नियम लागू होतो. किती जणांना माहीत आहे? जाता जाता तेही सांगतो : आजोबांनी मारलेल्या काळविटाची शिंगं दिवाणखान्यात असतील तर त्यांनाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. वडिलोपार्जित आहे एवढं उत्तर पुरत नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रं पुजतात आणि त्याच दिवशी गाड्याही धुऊन, झेंडूची माळ घालून पुजतात. परवान्याची जुनी बंदूक असलेल्या घरात दोन्ही एकाच अंगणात येतात. पूजा झाली की बंदूक कपाटात आणि गाडी दारात.

आता येवला तालुक्यातल्या ममदापूरकडे जाऊ. तिथलं गवताळ रान काळविटांसाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित झालंय. ममदापूर, राजापूर, देवदरी या परिसरात आज कळप दिसतात, रस्त्यावरूनही दिसतात. गाडी चालत असेल तर ते चरत राहतात. गाडी थांबली की माना वर होतात. बैलगाडीच्या काळातला नियम तसाच आहे. मात्र उन्हाळ्यात ते पाण्यासाठी वस्तीकडे येतात, विहिरींत पडतात, कुत्री मागे लागतात, आणि पिकाचं भांडणही मिटलेलं नाही.

जिल्ह्यात गाडीतून वन्य प्राण्यावर नेम धरायचं एक काम अजून चालतं, ते वनखात्याच्या पथकाचं. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसातले बिबटे वस्तीत येतात, कधी थेट नाशिक शहरात. त्यांना बेशुद्ध करायची बंदूक वायूच्या दाबावर चालते, तिच्यातून सुई जाते, तीही फार लांब नाही, वीस-तीस मीटर. सुई मांसल भागातच लागली पाहिजे. हाडावर किंवा पोटात लागली तर जनावर जायचं. म्हणून गाडीचं इंजिन बंद करतात आणि सगळ्यांना हलू नका म्हणून सांगतात. भोवती हजार माणसं मोबाइल घेऊन उभी असतात, ती मात्र ऐकत नाहीत. सुई भरायची ती जनावर दिसल्यावर, त्याचं वजन अंदाजून, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. तोपर्यंत बंदूक पेटीत, रिकामी.